विश्लेषण : पन्नास वर्षे जुनी होंडा पुन्हा सुरू का होते? मिस्त्री सोइचिरो होंडांची कहाणी

गोदामात ताडपत्रीखाली वर्षानुवर्षे पडून असलेली, १९७०च्या आसपासची होंडा सीबी ७५०. टाकीत गंज, चारही कार्ब्युरेटरमध्ये वाळून राळ झालेले पेट्रोल, सीटखाली उंदरांचे घरटे. अशी गाडी पैसे मोजून विकत घ्यायची आणि महिनोन्‌महिने खपून रस्त्यावर आणायची, हा छंद अमेरिका, युरोप आणि जपानमध्ये आता चांगलाच रुजला आहे. मुळात स्वस्त, रोजच्या वापराची म्हणून ओळखली गेलेली जपानी मोटारसायकल संग्राहकांची वस्तू झाली आहे. या मॉडेलच्या उत्पादनपूर्व नमुन्यांपैकी एका गाडीला २०१८ मध्ये ब्रिटनमधील लिलावात १ लाख ६१ हजार पौंड मिळाले.

या गाड्यांना भाव आहे तो केवळ जुनेपणामुळे नाही. इंजिन खोलता येते, साफ करता येते आणि पुन्हा जोडले की ते बहुधा चालते, हेही त्याचे कारण आहे. हा गुण कुठून आला हे शोधताना ज्यांचे नाव टाकीवर लिहिलेले असते त्या माणसापर्यंत जावे लागते. सोइचिरो होंडा कारखानदार म्हणून जगाला माहीत आहेत. पण त्यांच्या कामाच्या आयुष्याची पहिली पंधरा-वीस वर्षे दुसऱ्यांनी बनवलेल्या आणि बिघडलेल्या गाड्या दुरुस्त करण्यात गेली.

लोहाराचा मुलगा गॅरेजात कसा पोहोचला?

सोइचिरोचा जन्म १७ नोव्हेंबर १९०६ रोजी जपानच्या शिझुओका प्रांतातील कोम्यो या खेड्यात झाला. वडील गिहेई लोहार. पुढे त्यांनी सायकल दुरुस्तीही सुरू केली. आई मिका विणकाम करी. पोराचे अभ्यासात लक्ष नव्हते, हात मात्र सतत काहीतरी करत असत. गावात पहिल्यांदा मोटार आली तेव्हा तो तिच्यामागे धावत सुटला आणि जमिनीवर सांडलेल्या तेलाचा वास नाकात भरून घेतला, ही आठवण ते म्हातारपणापर्यंत सांगत.

शाळेचे प्रगतिपुस्तक घरी दाखवून त्यावर घराचा शिक्का उमटवून आणावा लागे. सोइचिरोने सायकलच्या पेडलचे रबर कोरून तो शिक्काच बनवला आणि मग मित्रांनाही बनवून दिले. मित्रांचे शिक्के उलटे उमटल्याने चोरी पकडली गेली. ‘होंडा’ हे नाव जपानी लिपीत डावी-उजवी बाजू उलटली तरी सारखेच दिसते, त्यामुळे अक्षरे उलटी कोरायची असतात हे त्याच्या लक्षातच आले नव्हते.

१९२२ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, तो टोकियोतील ‘आर्ट शोकाई’ या मोटार दुरुस्तीच्या गॅरेजात उमेदवारीला लागला. गाड्यांना हात लावायला मिळेल या आशेने गेलेल्या मुलाच्या हातात मालकाचे तान्हे मूल दिले गेले. कित्येक महिने मूल सांभाळणे आणि झाडलोट एवढेच काम होते.

१ सप्टेंबर १९२३च्या महाभूकंपाने हे चित्र बदलले. टोकियोत आगी पसरल्या, गॅरेजातील गाड्या बाहेर काढायची धावपळ झाली आणि त्या गोंधळात सोइचिरोने आयुष्यात पहिल्यांदा मोटार चालवली. खरे शिक्षण त्यानंतर झाले. आगीत होरपळलेल्या गाड्या दुरुस्तीसाठी गॅरेजकडे आल्या. रंग उडालेला, पत्रे वाकलेले, चाकांचे लाकडी आरे जळून गेलेले. अनेक जुने मिस्त्री गावी निघून गेले होते, त्यामुळे ही कामे या पोराच्या वाट्याला आली. जळक्या सांगाड्यातून पुन्हा चालणारी गाडी उभी करायची, हेच काम त्याने तेव्हा रोज केले. आज हौशी लोक त्यालाच ‘रिस्टोरेशन’ म्हणतात.

मालक युझो साकाकिबारा यांनी त्याला शर्यतीच्या गाड्यांवरही घेतले. विमानाचे जुने इंजिन बसवलेली ‘कर्टिस’ ही त्यांची गाडी नोव्हेंबर १९२४ मध्ये शर्यत जिंकली, तेव्हा चालकाशेजारी मेकॅनिक म्हणून सोइचिरो बसला होता. १९२८ मध्ये गॅरेजच्या नावाने हमामात्सु शहरात शाखा काढण्याची परवानगी त्यांना मिळाली. तेथे त्यांनी लाकडी आऱ्यांऐवजी ओतीव लोखंडाच्या आऱ्यांचे चाक बनवून त्याचे पेटंट घेतले. भूकंपातली जळलेली चाके ते विसरले नव्हते.

पन्नास रिंगांपैकी तीनच पास

दुरुस्तीत पैसा होता. होंडांना मात्र स्वतः काहीतरी बनवायचे होते. १९३६ मध्ये टोकियोजवळच्या तामागावा ट्रॅकवर शर्यतीत त्यांची गाडी उलटली. ते आणि धाकटा भाऊ बेन्जिरो दोघेही जखमी झाले. त्याच सुमारास त्यांनी पिस्टन रिंग बनवण्याचा ध्यास घेतला.

रिंग दिसायला साधी, पण ती अवघड वस्तू आहे. सिलिंडरला सतत घासायची, तापायची, तरी तिचा ताण टिकला पाहिजे. होंडांच्या रिंगा ठिसूळ निघत. धातूत काय कमी पडते हे विचारायला ते हमामात्सुच्या तंत्रविद्यालयात गेले आणि तिशी गाठलेला, लग्न झालेला हा माणूस तेथे विद्यार्थी म्हणून वर्गात बसू लागला. रिंगेशी संबंध नसलेल्या विषयांच्या परीक्षा त्यांनी दिल्या नाहीत, त्यामुळे प्रमाणपत्र मिळाले नाही. टोयोटाकडे तपासणीसाठी पाठवलेल्या ५० रिंगांपैकी फक्त ३ पास झाल्या. उत्पादनाची घडी बसायला आणखी काही वर्षे गेली.

मग युद्ध आले. टोयोटाने त्यांच्या ‘तोकाई सेइकी’ या कंपनीत मोठा हिस्सा घेतला आणि होंडा अध्यक्षपदावरून खाली आले. कारखान्यावर बॉम्ब पडले आणि जानेवारी १९४५च्या भूकंपात इवाता येथील कारखाना कोसळला. युद्ध संपल्यावर उरलेला हिस्सा टोयोटाला साडेचार लाख येनला विकून ते मोकळे झाले. पुढचे वर्षभर त्यांनी काहीच केले नाही. घरी दारू गाळली, मित्रांना पाजली.

पाणी तापवायची पिशवी पेट्रोलची टाकी कशी झाली?

१९४६ मधील जपानमध्ये रेल्वे खच्चून भरलेल्या, पेट्रोलवर नियंत्रण, आणि धान्य आणायला लोक सायकलवर दूरच्या खेड्यांत जात होते. एका परिचिताकडे होंडांना लष्कराच्या बिनतारी संदेशयंत्रासाठी वापरले जाणारे छोटे जनरेटर इंजिन दिसले. युद्ध संपल्याने त्याचा काही उपयोग उरला नव्हता. त्यांनी ते सायकलला जोडले. पहिल्या प्रयोगात पेट्रोलची टाकी म्हणून घरातला पांघरुणात ठेवायचा गरम पाण्याचा डबा वापरला. इंधनात पाइनच्या मुळांपासून काढलेले तेल मिसळले जाई आणि त्याचा उग्र वास येई. पत्नी साची यांना ही सायकल गर्दीच्या रस्त्यावर चालवायला सांगून त्यांनी तिची चाचणी घेतली.

अशी सुमारे ५०० इंजिने होती. ती संपली तेव्हा होंडांनी स्वतःचे इंजिन बनवले. २४ सप्टेंबर १९४८ रोजी होंडा मोटर कंपनी स्थापन झाली तेव्हा भांडवल दहा लाख येन होते आणि माणसे ३४. पुढच्या वर्षी ९८ सीसीची ‘ड्रीम डी’ ही पूर्ण मोटारसायकल आली.

१९४९ मध्येच ताकेओ फुजिसावा कंपनीत आले. त्यांच्याशिवाय होंडांची कहाणी बहुधा हमामात्सुतच संपली असती. पैसा, विक्री आणि वितरण फुजिसावांनी सांभाळायचे, यंत्र होंडांनी. दोघांनीही एकमेकांच्या कामात ढवळाढवळ करायची नाही. हा करार जवळजवळ पाव शतक टिकला. १९५२ मध्ये सायकलला जोडायचे ‘कब एफ’ इंजिन विकण्यासाठी फुजिसावांनी देशभरातील सुमारे ५० हजार सायकल दुकानांना पत्रे पाठवली आणि सायकल दुकानदारांनाच विक्रेते बनवले.

त्याच वर्षी होंडांनी एक निर्णय घेतला. कंपनीचे भांडवल ६० लाख येन असताना त्यांनी अमेरिका आणि युरोपातून ४५ कोटी येनची यंत्रसामग्री मागवायचे ठरवले. हातोडी-कानशीने कितीही कौशल्य दाखवले तरी हजारो सुटे भाग एकसारखे बनत नाहीत, हे रिंगांनी त्यांना शिकवले होते. १९५४ मध्ये हा निर्णय अंगाशी येण्याची वेळ आली. युद्धोत्तर मंदी, ‘जुनो’ स्कूटर फसलेली, मोठ्या इंजिनच्या ‘ड्रीम’बद्दल तक्रारी, ‘कब’ची विक्री घसरलेली. कंपनी बुडायच्या बेतात होती. बँकेने आणि पुरवठादारांनी फुजिसावांचे ऐकून धीर धरला म्हणून ती वाचली.

आणि नेमक्या त्याच वर्षी होंडांनी जाहीर केले, की आम्ही आइल ऑफ मॅन टीटी शर्यत जिंकणार. जूनमध्ये ते शर्यत पाहायला गेले आणि युरोपीय इंजिनांची ताकद पाहून हादरले. परतताना सामानात रिम, चेन, कार्ब्युरेटर असे मिळतील ते सुटे भाग होते. कंपनीने १९५९ मध्ये पदार्पणातच १२५ सीसी गटात संघाचे पारितोषिक मिळवले. १९६१ मध्ये १२५ आणि २५० सीसी या दोन्ही गटांत पहिले पाचही क्रमांक होंडाचे होते.

ऑगस्ट १९५८ मध्ये आलेल्या ‘सुपर कब’ने कंपनीचे भविष्य ठरवले. ४९ सीसीचे चार-स्ट्रोक इंजिन, क्लचची मूठ नाही, पाय टाकून सहज बसता येईल अशी चौकट, चिखल अडवणारा प्लास्टिकचा पुढचा भाग. खाणावळीच्या पोऱ्याला एका हातात शेवयांच्या थाळ्यांची चळत धरून दुसऱ्या हाताने चालवता आली पाहिजे, अशी अपेक्षा होती. २०१७ मध्ये या मालिकेतील गाड्यांची संख्या १० कोटींवर गेली. दुसऱ्या कोणत्याही मोटार वाहनाने ती गाठलेली नाही.

जुनी सीबी ७५० खोलल्यावर काय दिसते?

१९६८च्या टोकियो मोटर शोमध्ये दाखवलेली आणि १९६९ मध्ये विक्रीला आलेली सीबी ७५० ही संग्राहकांची सर्वांत लाडकी जपानी गाडी. योशिरो हारादा यांच्या गटाने ती घडवली. ७३६ सीसी, एका ओळीत चार सिलिंडर, ६७ अश्वशक्ती, इलेक्ट्रिक स्टार्ट आणि पुढच्या चाकाला हायड्रॉलिक डिस्क ब्रेक. अमेरिकेत किंमत १,४९५ डॉलर. असे चार सिलिंडर तोवर शर्यतीच्या किंवा फार महागड्या गाड्यांतच मिळत.

तिचे वेगळेपण इंजिन खोलल्यावर कळते. त्या काळच्या ब्रिटिश गाड्यांचे क्रँककेस उभे दुभंगलेले असत. सांधा थेट तळातून जाई आणि तेथून तेल झिरपे. गाडी उभी राहिली तिथे तेलाचा डाग, हे ब्रिटिश गाडीच्या मालकाने गृहीतच धरलेले असे. होंडाने क्रँककेस आडवे दुभंगले. दोन अर्धे वेगळे केले की क्रँक आणि गिअर समोर मांडून ठेवल्यासारखे दिसतात, आणि उभा सांधा नसल्याने गळतीही कमी होते. पण असे दोन अर्धे तंतोतंत बसायला अचूक यंत्रकाम लागते. ४५ कोटी येनच्या यंत्रांचा हट्ट का होता, ते येथे लक्षात येते.

तरीही गाडी निर्दोष नव्हती. सुरुवातीच्या काही गाड्यांत मागच्या चाकाची चेन तुटून क्रँककेस फोडत असे. म्हणून जाणकार ग्राहक आजही आधी स्प्रॉकेटजवळचा डावा भाग निरखतो, वेल्डिंगची खूण शोधतो, मगच भावाचे बोलतो. इंजिन आणि चौकटीचे क्रमांक तपासतो, कारण पहिल्या सुमारे ७,४०० गाड्यांचे क्रँककेस खरखरीत ओतकामाचे आहेत आणि त्यांना वेगळाच भाव आहे. इंजिन जाम नाही ना, हे प्लग काढून हळूच फिरवून पाहतो. चार सायलेन्सर शाबूत असतील तर अर्धी लढाई जिंकली, कारण गंजलेले चारही बदलायचे तर खिसा रिकामा होतो.

काम सुरू केल्यावर नवख्याची पहिली फजिती स्क्रूवर होते. जुन्या जपानी गाड्यांचे चौफुली खाचेचे स्क्रू जपानी प्रमाणाचे असतात. आपल्याकडे ‘स्टार’ म्हणतात तो साधा फिलिप्स स्क्रू-ड्रायव्हर त्यांत पुरता बसत नाही, घसरतो आणि खाच खाऊन टाकतो. त्यासाठी जपानी प्रमाणाचे अवजार आधी घ्यावे लागते. मग चारही कार्ब्युरेटर उतरवून बारीक जेट साफ करायचे, कडक झालेले रबर बदलायचे, पॉइंट घासून फट लावायची, आणि चारही कार्ब्युरेटर एका तालात आणायचे. हे शेवटचे काम संयमाची परीक्षा घेते. मात्र यातल्या बहुतेक कामांना संगणक लागत नाही. पाने, फीलर गेज, चाचणी दिवा आणि चांगले दुरुस्तीचे पुस्तक पुरते.

भारतीय वाचकाची ओळख होंडाच्या वेगळ्या गाड्यांशी आहे. १९८४च्या करारांतून आलेली पुण्याच्या फिरोदियांची कायनेटिक होंडा ही बटणावर सुरू होणारी, गिअर नसलेली स्कूटर, आणि १९८५ची हीरो होंडा सीडी १००. यामाहा आरएक्स १००, बजाजच्या आकुर्डीतील कावासाकी केबी १०० आणि इंड-सुझुकी या समकालीन गाड्या टू-स्ट्रोक होत्या. सीडी १०० मात्र चार-स्ट्रोक होती आणि तिचे आडवे सिलिंडर ‘सुपर कब’च्याच घराण्यातले. या गाड्यांना हौशी मंडळी ‘व्हिंटेज’ म्हणत असली तरी कायद्याने त्या अजून तशा नाहीत. केंद्राच्या २०२१च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेली आणि मूळ रूपात राखलेली गाडीच ‘व्हीए’ अक्षरांच्या विशेष क्रमांकाला पात्र ठरते. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये आहे आणि अशी गाडी रोजच्या वापरासाठी नाही.

हट्टी मिस्त्री कुठे चुकला?

होंडा प्रेमळ मालक होते असे म्हणता येणार नाही. कामात ढिसाळपणा दिसला की ते ओरडत, हातात असेल ते अवजार फेकत, प्रसंगी मारतही. कर्मचाऱ्यांनी त्यांना गडगडाट करणारा बाप असे नाव ठेवले होते. कारखान्यात ते जमिनीवर खडूने चित्रे काढून इंजिन समजावत.

त्यांचा सर्वांत महाग पडलेला हट्ट हवेचा. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनातले पाणीही शेवटी हवाच थंड करते, मग रेडिएटर, पंप, नळ्या हा पसारा कशाला, असा त्यांचा तर्क होता. मोटारसायकलसाठी तो बरोबर होता. सीबी ७५० दुरुस्त करणारा आज रेडिएटर नाही याबद्दल त्यांचे आभारच मानेल. पण होंडांनी तोच तर्क मोटारींना लावला.

१९६८ मध्ये फॉर्म्युला वनसाठी त्यांनी हवेने थंड होणारी आरए३०२ बनवून घेतली. संघाचा चालक जॉन सर्टीस याने ती चालवायला नकार दिला. ७ जुलै रोजी फ्रान्समधील रूआँ येथे तिच्यात बसलेला जो श्लेसर शर्यतीच्या सुरुवातीलाच अपघातात सापडला. गाडीने पेट घेतला आणि त्याचा मृत्यू झाला. त्या हंगामानंतर होंडाने फॉर्म्युला वन सोडले.

तरीही १९६९ची ‘होंडा १३००’ ही मोटार हवेनेच थंड होणारी होती. इंजिन जड आणि महाग झाले, गाडी चालली नाही. अमेरिकेत १९७०चा स्वच्छ हवा कायदा आला, धुराचे निकष कडक होणार हे दिसू लागले आणि तरुण अभियंत्यांना खात्री पटली, की इंजिनचे तापमान नेमके राखायचे तर पाणी हवेच. होंडा ऐकेनात. शेवटी अभियंते फुजिसावांकडे गेले. फुजिसावांनी जुना करार मोडून यंत्राच्या कामात पहिल्यांदा तोंड घातले आणि होंडांना विचारले, की तुम्हाला कंपनीचे अध्यक्ष म्हणून राहायचे आहे की अभियंता म्हणून? होंडांनी अध्यक्षपद निवडले आणि पाण्याला संमती दिली.

त्यातून सीव्हीसीसी इंजिन निघाले. उत्प्रेरक न लावताही त्याने १९७२च्या अखेरीस अमेरिकेच्या १९७५ साठीच्या निकषांची चाचणी पार केली. अमेरिकी बड्या कंपन्यांना मागे टाकण्याची ही संधी आहे, असे होंडा उत्साहाने म्हणत. तरुण अभियंत्यांना ते रुचले नाही. आपण हे कंपनीसाठी नव्हे, समाजासाठी करतो आहोत, अशी त्यांची भूमिका होती. आपण मागे पडलो हे होंडांना कळले. ऑक्टोबर १९७३ मध्ये ते आणि फुजिसावा एकाच वेळी निवृत्त झाले. होंडा ६६ वर्षांचे होते. त्यांच्या जागी आले ४५ वर्षांचे कियोशी कावाशिमा, १९५१ची ‘ड्रीम ई’ रेखाटणारे. होंडा किंवा फुजिसावा यांची मुले कंपनीत नव्हती. तसे दोघांनी ठरवूनच ठेवले होते.

निवृत्तीनंतर होंडा जपानभर फिरले. दीड वर्षात कारखाने आणि विक्री केंद्रे मिळून सुमारे ७०० ठिकाणी जाऊन त्यांनी प्रत्येक कर्मचाऱ्याशी हस्तांदोलन केले. एका ठिकाणी एक मिस्त्री तेलाने काळा झालेला हात पुढे करायला संकोचला आणि धुवायला निघाला. होंडांनी त्याला थांबवले, तोच हात धरला आणि नंतर आपला तळहात नाकाशी नेला.

१९८८च्या डिसेंबरात फुजिसावा गेले. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या ऑटोमोटिव्ह हॉल ऑफ फेममध्ये होंडांचा समावेश झाला. हा मान मिळवणारे ते पहिले जपानी. मायदेशी परतल्यावर ते पदक घेऊन फुजिसावांच्या घरी गेले आणि त्यांच्या स्मृतिफलकासमोर ठेवले. ५ ऑगस्ट १९९१ रोजी यकृताच्या विकाराने होंडांचे निधन झाले. कंपनीतर्फे अंत्ययात्रा काढू नये, असे त्यांनी आधीच सांगून ठेवले होते, कारण गाड्या बनवणाऱ्याने रस्त्यावर वाहतूक कोंडी करणे बरे नव्हे. कंपनीने मग आभाराचे मेळावे भरवले.